प्रिय विश्वंभर

पत्ता:

"तात्या, तुम्हाला ईमेल आलाय."

तात्या कोथिंबीर निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मला कुठला ईमेल? विजेचं बिल असंल."

"बिल नाही, पत्र आहे. 'प्रिय विश्वंभर' लिहिलंय."

त्यांचा हात थांबला. विश्वंभर हे नाव आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. आई 'अहो' म्हणायची, बार्शीतली गिऱ्हाइकं 'गिरणीवाले' म्हणायची, मी तात्या म्हणत आले. नुसतं विश्वंभर म्हणणारी माणसं एकेक करून गेली होती.

"वाच," ते म्हणाले.

पत्र मराठीत होतं. नाव तेवढं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा सोडून नंतर भरल्यासारखं. मी वाचलं:

'सहा जूनला पहाटे शाळेच्या गच्चीवर ये. शुक्र सूर्यावरून जाणार आहे. आठ वर्षांपूर्वीचं अधिक्रमण हुकलं असेल तर हे हुकवू नकोस. पुढचं २११७ साली आहे, तेव्हा तूही नसशील आणि मीही. जिना तोच आहे. वर ये. तू यायलाच हवंस. — उंबरजे सर.'

"परत वाच."

परत वाचलं.

"'तू' म्हणलंय," तात्या म्हणाले. "मला."

ही दोन हजार बाराची गोष्ट. आई गेल्यावर तात्यांनी बार्शीतली पिठाची गिरणी विकली आणि ते माझ्याकडे पुण्याला राहायला आले. धायरीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली बागेत जा म्हटलं, कट्ट्यावर बसा म्हटलं, सोसायटीतल्या पूजेला चला म्हटलं, की उत्तर ठरलेलं असायचं: "मला कोण बोलावतंय?"

आणि उंबरजे सर माझे. मला विज्ञान शिकवायचे. दर शनिवारी रात्री शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून, येतील त्या पोरांना आकाश दाखवायचे. आठवी ते दहावी मी एकही शनिवार चुकवला नाही. तात्या मला न्यायला यायचे, एवढीच त्यांची आणि सरांची ओळख. मग सरांनी तात्यांना का बोलवावं? पत्ता माझा, शाळा माझी, गच्ची माझी. आणि पत्रात माझं नावसुद्धा नाही?

"तात्या, तुमचं सरांशी काही बोलणं व्हायचं का?"

"न्हाई बा."

"मग?"

"त्यांना म्हाईत," तात्या म्हणाले आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागले. काड्या पातेल्यात टाकत होते आणि पानं कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. सहा जूनला अजून बरेच दिवस होते.


फोन:

"उजे, तुला सरांचं काही आलं का गं?"

शाहीन मुलाणी. आम्ही तिन्ही वर्षं गच्चीवर एका सतरंजीवर बसलो. आता ती सोलापुरात बँकेत होती.

"आलं. म्हणजे तात्यांना आलं."

"तुझ्या तात्यांना?"

"आणि तुला?" मी विचारलं.

"अब्बांना."

तिचे अब्बा, दस्तगीरचाचा, त्यांचं सायकलचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी गेले.

"'प्रिय दस्तगीर, तू यायलाच हवंस.' ऑफिसात बसून रडले बघ मी. मग राग आला. सरांना ठाऊक नाही होय? मातीला स्वतः आले होते ते."

"विसरले असतील."

"माणूस मेलेला विसरतात? उजे, सरांचं डोकं…"

"असं नको म्हणू."

"मग काय म्हणू, तूच सांग. सत्तरी ओलांडली त्यांनी."

"कदाचित मुद्दाम बापांनाच बोलावलं असेल."

"आणि मेलेल्यांना पण? बरंय. त्यांना तिकीट लागत नाही."

आम्ही दोघी हसलो आणि दोघींनाही ते बरं वाटलं नाही. दोन पत्रं, दोन बाप. काहीतरी सरकलं होतं. पण काय, ते कळत नव्हतं. तात्या मात्र आतल्या खोलीत बूट पुसत होते.

"मी आदल्या दिवशी जाते सरांकडे," मी म्हटलं. "तू येतेस?"

"मला कुठं बोलावलंय?" शाहीन म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.


कंपनी:

ईमेलच्या पत्तेवहीतला हा रकाना सगळ्यांचा रिकामाच असतो. बार्शीपर्यंतचा एसटीतला प्रवास इथं टाकते.

तात्या खिडकीशी. मांडीवर भाकरवडीचा डबा. इंदापूरपर्यंत गप्प होते, मग प्रश्न सुरू झाले.

"दुर्बिणीत बघताना चष्मा काढायचा असतो का?"

"सर सांगतील."

"शुक्र म्हंजे पहाटंचा दिसतो तोच ना?"

"तोच."

"मग त्यो सूर्याम्होरं जाऊन करतो काय?"

"काही नाही. नुसता जातो."

"आन् जिना अरुंद हाय का गं? मी कधी चढलो न्हाई."

ते तो जिना कधी चढले नव्हते हे मला ठाऊक होतं. तरीही मी त्यांच्याकडे पाहिलं.

पत्र चुकून आलं असेल तर ते यांना कोण सांगणार, कसं सांगणार, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. 'तात्या, रागावू नका, पण…' 'तात्या, हे कॉम्प्युटर कधीकधी…' टेंभुर्णी गेलं, कुर्डुवाडी आली, एकही वाक्य पुरं झालं नाही. तात्यांनी सदऱ्याला चुण्या पडू नयेत म्हणून पाठ सीटला टेकवली नव्हती.


नाव:

सरांनीच दार उघडलं. "काशीद! ये, ये!" सर आम्हाला आडनावानंच हाक मारत. मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "आणि हे?"

मी दारातून बाजूला झाले.

"विश्वंभर काशीद," तात्यांनी हात जोडले.

"हो हो, वडील का! या, बसा ना."

'या, बसा.' तात्या बसले. त्यांनी हे टिपलं की नाही, मला कळलं नाही. काकू पाणी घेऊन आल्या आणि सरांनी मला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं.

"बरं झालं आलीस," ते हळू आवाजात म्हणाले. "काशीद, पोरांना काहीतरी झालंय. ही उत्तरं बघ."

एक उत्तर: 'सर, बाबा अंथरुणावर आहेत. पत्र वाचून दाखवलं, हसले. किती तरी दिवसांनी हसले.'

एक: 'माझा आणि वडिलांचा संबंध राहिलेला नाही. त्यांचा पत्ता कृपया मला विचारू नये.'

एक सुरतेहून, अशोक आवटेचं: 'मला रजा नाही सर, पण पप्पा येताहेत. आत्तापासूनच तयार होऊन बसलेत.'

"मी पोरांना लिहितो आणि पोरं मला बापाचं सांगतात," सर म्हणाले. "कुणीतरी माझी चेष्टा करतंय का?"

"सर, ही पत्रं कशी पाठवलीत?"

सरांचा चेहरा खुलला. विचारल्याबद्दल आनंदच झाला त्यांना. जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, पंखा रडायचा. आमचे सगळ्यांचे पत्ते त्याच्यावरच्या मेलमध्ये, कुणाकुणाकडून मिळवून, वर्षानुवर्षं जमवलेले. ते सगळे नव्या मेलमध्ये न्यायचे होते. "दुकानदार म्हणाला, ठेवून जा, करून देतो. म्हटलं, मी विज्ञान शिकवलंय. स्वतः करीन. पत्त्यांची फाईल बाहेर काढली, नव्यात रकाने जुळवले, आत घेतली. एक नाव गळलं नाही!"

"रकाने कसे जुळवलेत?"

त्यांनी टेबलावरचा कागद उलटा करून फळ्यावर काढावेत तसे तीन चौकोन काढले. "तिथं नावाला तीन रकाने असतात. मी हजेरीपटासारखे भरत गेलो. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. काशीद, अमुक, विश्वंभर. जुन्या मेलमध्ये ते सलग दिसायचं, छान दिसायचं. नवीन मेल मात्र पत्राच्या सुरुवातीला फक्त पहिला रकाना उचलतो. 'प्रिय काशीद.' 'प्रिय मुलाणी.'" सर थांबले. "कोरडं वाटलं गं. एवढी मोठी झालीत तुम्ही. म्हटलं, निदान या वेळी तरी नावानं बोलवावं."

"म्हणून?"

"म्हणून पहिला रकाना आणि शेवटचा रकाना अदलाबदल केले. आडनाव गेलं शेवटी."

"आणि पहिल्यात कोण आलं, सर?"

सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. मग पडद्याकडे वळले. बोट लावून वाचत खाली खाली गेले. विश्वंभर. दस्तगीर. मोहन. बोट थांबलं.

"तपासलं नव्हतं का?"

"तपासलं की! एक नाव तपासलं. आवटे. 'प्रिय मोहन' आलं. मला वाटलं, आवट्याचं नाव मोहन."

"अशोक."

"मला काय ठाऊक? मी जन्मभर त्याला आवटेच म्हटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं नाव काय?"

"उज्ज्वला, सर."

त्यांनी मधल्या रकान्यात ते शोधून काढलं आणि त्यावर बोट ठेवून राहिले.

"म्हणजे मी सगळ्यांच्या बापांना अरेतुरे करून बोलावलं," ते म्हणाले. मग आठवलं तसे खुर्चीत बसले. "मुलाण्याच्या पोरीला… अरेरे."

प्रयोगवहीत चूक झाली तर खोडायची नाही, हा सरांचा नियम. एकच रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं. खाडाखोड दिसली की वही खिडकीबाहेर. त्यांनी लगेच नवं पत्र उघडलं आणि टाइप करायला घेतलं: 'मागील पत्र चुकीने…'

"सर, बाहेर तात्या बसलेत."

"मग?"

"ते आलेत. पत्र आलं म्हणून. सदरा इस्त्री करून आलेत."

टाइप करणारी बोटं थांबली. "त्यांना ठाऊक नाही?"

"मला आत्ता कळलं."

"मग मी सांगतो. माझी चूक आहे."

"नका सांगू, सर."

"खोटं बोलू?"

"खोटं नको. काहीच बोलू नका."

"उद्या गच्चीवर तो माणूस माझ्या शेजारी उभा राहणार, आणि मी काहीच बोलू नको?" सर उठले. "का— उज्ज्वला, बाजूला हो."


वडिलांचं नाव:

सर बाहेर आले तसे तात्या उठून उभे राहिले. भाकरवडीचा डबा अजून हातातच होता.

"विश्वंभरराव, एक सांगायचं होतं. त्या पत्रात एक चूक…"

"सर, आधी माझं ऐका," तात्या म्हणाले. "न्हाईतर मी इसरंन. एसटीत समदं जुळवत आलोय."

म्हणजे खिडकीशी बसून तेही वाक्यंच जुळवत होते.

"तुम्ही आठवण ठेवली," तात्या म्हणाले. "मला वाटायचं, वरनं खालचं माणूस दिसत नसंल. पर तुम्हाला दिसत हुतो आम्ही."

"खाली?" सर म्हणाले.

"गेटापाशी. दर शनवारी. मी, दस्तगीर, आवटे. रातचं पोरींना एकटं कसं सोडायचं? आन् आवट्याचा पोरगा अंधाराला भ्यायचा."

"आवटे अंधाराला भ्यायचा?"

"लई. सायकली भिंतीला लावून बसायचो तिघं. तुमचा आवाज खाली यायचा. 'आता डावीकडं बघा' म्हणायचा तुम्ही, की आम्ही पण डावीकडं बघायचो. शाळंची भिंत मधी. काय दिसायचं न्हाई." तात्या हसले. "दस्तगीर म्हणायचा, चला एकदा वर, कोण खातंय का? मी म्हणायचो, बोलावल्याबिगर कसं जायचं?"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. मी त्या ट्रेकडे पाहत राहिले, दुसरीकडे कुठं पाहावं ते कळेना. तीन वर्षं मी सायकलच्या कॅरियरवर बसून घरी जाताना त्यांना गुरूचे चंद्र सांगत गेले होते. ते 'हं, हं' करत पेडल मारायचे.

"दर शनिवारी," सर म्हणाले.

"पावसाळ्यात न्हाई. तवा तुम्हीच बंद ठेवायचा."

सरांनी एकदा आतल्या खोलीकडे, चालू राहिलेल्या पडद्याकडे पाहिलं. मग तात्यांच्या हातातला डबा घेतला.

"चूक झाली म्हणत होतो ती हीच, विश्वंभर," ते म्हणाले. "हे पत्र फार उशिरा गेलं. वीस वर्षांपूर्वी जायला हवं होतं."

"चालतंय की," तात्या म्हणाले. "शुक्र तरी कुठं रोज जातो?"

चहा झाल्यावर सरांनी 'मागील पत्र चुकीने' हे शब्द काढून टाकले. मी रकाने नीट लावून दिले आणि सरांनी सगळ्यांना दुसरं पत्र पाठवलं. पाचच मिनिटांनी माझा फोन वाजला:

'प्रिय UJJWALA, आधीचं पत्र तुझ्या वडिलांना होतं. ते तसंच राहू दे. हे तुला. दोघंही या.'

एका पत्त्यावर मात्र त्यांनी पत्र पाठवलं नाही. शाहीनला फोन लावला आणि दार लोटून घेतलं. काय बोलले, ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.


टीप:

जिना अरुंदच होता. तात्या भिंतीला हात लावत पुढे, मी मागे. वर पंधरावीस माणसं होती आणि पूर्वेला ढगांची एक पट्टी.

"काय काशीद," कठड्याजवळून एक म्हातारा ओरडला, "सायकल कुठाय?"

"इकली!" तात्या ओरडले. "मोहन, तू रं कसा?"

"कसा म्हंजे? मला पत्र आलंय. नावानिशी!"

दोघं एकमेकांचे खांदे धरून हसत राहिले. शाहीन पहिल्या एसटीनं सोलापुरातून आली होती. सरांसमोर जाऊन म्हणाली, "मी अब्बांच्या वतीनं आलेय, सर." सर म्हणाले, "मग तू पुढे उभी राहा."

सूर्य ढगांच्या वर आला. सरांनी दुर्बिणीमागे पांढरा पुठ्ठा धरला. त्यावर बशीएवढा सूर्य पडला आणि सगळे पुढे सरकले. तात्या नाही. ते उलट्या बाजूला गेले होते, कठड्याला पोट टेकून खाली वाकून बघत होते.

"तात्या, इकडे या. दिसायला लागलंय."

"उजे," ते म्हणाले, "हितनं गेट दिसतंय की."

खरंच दिसत होतं. गेट, त्याशेजारची भिंत, भिंतीलगतची सायकली लावायची जागा. पुठ्ठा हातात धरूनच सर म्हणाले, "दिसत असणार. मी कधी खाली बघितलंच नाही, विश्वंभर."

मग तात्या आले. चष्मा काढावा की नाही या विचारात त्यांनी तो एकदा काढला, पुन्हा लावला आणि पुठ्ठ्यावर वाकले. सूर्याच्या कडेजवळ एक काळा ठिपका, गोल, स्वच्छ.

"ह्यो? एवढासा?"

"एवढाच."

"पिठात सोंडकिडा पडल्यागत दिसतोय," तात्या म्हणाले. मोहन आवटे इतके हसले की त्यांना ठसका लागला. सरांनी पुठ्ठा हलू दिला नाही.


दुसरा पत्ता:

पुण्याला परत आल्यावर तात्या म्हणाले, "मला एक ईमेल काढून दे."

काढून दिला. त्यांनी सरांना फोन करून तो पत्ता एकेक अक्षर सांगितला. सर पलीकडून हजेरीपट भरल्यासारखं विचारत होते, ते मला ऐकू येत होतं. आडनाव? काशीद. नाव? विश्वंभर. वडिलांचं नाव?

"ज्ञानू," तात्या म्हणाले.

पुढच्या वर्षी सरांच्या मुलीनं त्यांना नवा फोन पाठवला. सरांनी नावं स्वतःच त्यात नेली, दुकानदाराला हात लावू दिला नाही. फोन करून मला सांगितलं, "एक नाव गळलं नाही!" नवी नावं ते अजूनही त्या जुन्या फायलीतच भरत होते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी तीच फाईल घेतली आणि तीच अदलाबदल केली.

तात्यांच्या पत्त्यावर आलेलं ते पहिलं पत्र. त्यांनी मला हाक मारली नाही. मी गेले तेव्हा ते पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

'प्रिय DNYANU, यंदा शनीची कडी फार सुंदर दिसताहेत. शनिवारी ये. खाली थांबू नकोस, वर ये.'

माझे आजोबा भुसार बाजारात हमाल होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. तात्यांनाही ते धड आठवत नसत.

"तात्या, सरांचा रकाना परत चुकला. मी सांगते त्यांना."

"नको," तात्या म्हणाले. ते पत्र त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत. "शनवारची एसटी बघ. त्याच्या वतीनं मी जातो."